शीत कुणी उचललं?

(सोलापुरातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. वेळेअभावी बोलताना गाळलेला मजकूर मुद्रणप्रतीत घेतला आहे.)



भाषणाची पहिली दहा मिनिटं आभार मानण्यात घालवणारा वक्ता, ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या आमच्या सरांना, अजिबात चालत नसे. म्हणून थेट माझ्या आईपासून सुरुवात करतो.

माझी आई विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात हे काही कौतुकानं सांगण्यासारखं नाही; आमच्या गल्लीत पाच घरांत डोकावलं तर चार घरांत बाईच्या मांडीवर सूप दिसायचं. (पाच घरांवरून गल्ली सांगितली, सर असते तर इथंच टोकलं असतं.) ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, पान कापायला पत्र्याचा साचा, कात्री, बोटाला दोरा. हजार विड्या झाल्या की पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या आणि टोपली घेऊन विडी कारखान्याच्या शाखेत जायचं. तिथला तपासणारा माणूस वरच्या दोन जुड्या उचलायचा, विडी बोटांत दाबून बघायचा, तोंडाची घडी बघायचा आणि अख्ख्या टोपलीचा निकाल द्यायचा. चाळीस जुड्यांतल्या दोन. नापास विड्यांची मजुरी कापली जायची.

आईला हे पक्कं ठाऊक होतं. पहाटे ताज्या हातानं वळलेल्या विड्या ती बाजूला ठेवायची आणि त्या जुड्या सगळ्यात शेवटी, वर रचायची. दिवस कलल्यावर, डोळे चुरचुरायला लागल्यावर वळलेल्या तळाला जायच्या. एक दिवस शाखेतला माणूस बदलला. नव्यानं टोपलीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळाच्या दोन जुड्या बाहेर काढल्या. त्या दिवशी आईची पाव मजुरी गेली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्यानं खालून काढल्या."

पुढं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांच्या तासाला मी ही गोष्ट सांगितली. सरांनी विचारलं, "दोघांतला बरोबर कोण?" मी म्हटलं, दुसरा. त्यानं चोरी पकडली. सर म्हणाले, "दोघंही चूक. एकानं वरून घेतलं, एकानं खालून घेतलं. टोपली कुणीच हलवली नाही." त्या वाक्यावर माझी पुढची चाळीस वर्षं गेली. आज मला तेवढंच सांगायचं आहे. फक्त ते आपल्या जिल्ह्यात कुठं कुठं लागू पडतं ते बघू.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की ती खरी का ठरते याचा विचार करत नाही. एका शितावरून पातेलंभर भात कसा काय कळतो? पातेल्यात एकाच पोत्यातला तांदूळ आहे, पाणी एक, आच एक, आणि मुख्य म्हणजे शीत काढायच्या आधी बाईनं भात डावानं वर-खाली केलेला आहे. चुलीवर जाळ एका बाजूला लागला असेल, तर तीच बाई एका शितावर भरवसा ठेवत नाही. दोन-तीन ठिकाणची शितं दाबून बघते. लग्नातला आचारी बघा. पाचशे माणसांचा भात असला म्हणून तो पाचशे शितं दाबत नाही. चार-पाचच दाबतो, पण लांब दांड्याच्या झाऱ्यानं तळातलं, मधलं, कडेचं असं काढून. भांडं मोठं झालं म्हणून शितं वाढवावी लागत नाहीत.

ही गोष्ट लोकांना पटत नाही. निवडणुकीच्या पाहणीत हजार माणसं विचारली म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, 'एवढ्या मोठ्या देशात हजारांनी काय कळणार?' गणित असं आहे की खरोखर चिठ्ठी टाकून निवडलेली हजार माणसं असतील, तर टक्केवारी साधारण तीन टक्क्यांनी इकडं-तिकडं होते. सोलापूर शहराची साडेनऊ लाख वस्ती असो, नाहीतर देशाची एकशे चाळीस कोटी, फरक तेवढाच. तो तीनाचा दीड करायचा असेल, तर दोन हजार माणसं पुरत नाहीत; चार हजार लागतात. पण ही हमी ढवळलेल्या भांड्यापुरती आहे. 1936 साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांवरून एक कोटीच्या आसपास लोकांना मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून लँडन निवडून येणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. हे उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून लांबवत नाही. आपल्याकडची जास्त रसाळ आहेत.

माती परीक्षणासाठी मातीचा नमुना कसा घेतात, हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत असेल. मी ते माझ्या मेहुण्याच्या रानात पहिल्यांदा बघितलं तेव्हा थक्क झालो. कृषी खात्याची सूचना अशी असते: रानात नागमोडी चालायचं. आठ-दहा ठिकाणी थांबायचं. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, आतली माती टाकून द्यायची आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खाप काढायची. बांधाजवळ थांबायचं नाही, झाडाखाली नाही, विहिरीशेजारी नाही, जनावरं बसतात तिथं नाही, शेणखताचा ढीग होता तिथं तर नाहीच. सगळी माती गोणपाटावर एकत्र करायची, ढेकळं फोडायची, चांगली कालवायची, गोल पसरायची, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेल्या दोन भागांचं पुन्हा तेच. असं करत करत अर्धा किलो राहिली की पिशवीत भरायची.

नमुनाशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम या गोणपाटावर आहे. खाप सारख्या जाडीची का? वरची माती जास्त, खालची कमी असं होऊ नये म्हणून. चार भागांतले समोरासमोरचे दोन का? हाताला येतील ते उचलले तर हात चांगल्या मातीकडं जातो. आणि झाड, विहीर, उकिरडा वगळायचा, कारण आपल्याला रानाबद्दल बोलायचं आहे, उकिरड्याबद्दल नाही. मेहुण्याला मी हे सगळं उत्साहानं सांगत होतो. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही खड्डा घ्या की."

आता गंमत बघा. 2015 साली देशभर मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली. प्रत्येक शेताची वेगळी माती तपासणं शक्य नव्हतं, म्हणून जमिनीवर चौकटी कल्पिल्या: बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरला एक. चौकटीत जेवढे खातेदार, त्या सगळ्यांच्या हाती त्याच नमुन्याचे आकडे. म्हणजे तुमच्या नावाची, तुमच्या गट नंबरची पत्रिका तुमच्या हातात, आणि माती शेजारच्या गटातली असू शकते. आपल्याकडं एका बांधाच्या अलीकडं भारी काळं रान आणि पलीकडं मुरूम. मी योजनेला नावं ठेवत नाही. तालुक्यात जस्त कमी आहे का, एवढं कळायला ती चौकट चालते. तुमच्या दोन एकर डाळिंबाला किती पोती काय टाकायचं, हे तिला विचारणं म्हणजे गावाच्या सरासरी उंचीवरून शर्ट शिवणं.

यापेक्षा मोठा, पैशाचा आणि भांडणाचा नमुना म्हणजे पीक कापणी प्रयोग. इथं जरा थांबणार आहे.

पूर्वी पीक किती आलं ते नजरेनं ठरायचं. बांधावर उभं राहायचं, शिवारावर नजर टाकायची, सोळा आण्यांतले किती आणे पीक उभं आहे ते सांगायचं. ती आणेवारी. पुढं आणे गेले आणि तिची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत गेली की टंचाईची भाषा सुरू होते, वर राहिली की मोर्चे. नजरेचा दोष असा, की ती रस्त्याच्या कडेला पडते. आणि ती ज्याची असते, त्याला वरून काय हवंय हेही तिला कळतं. 1920 च्या दशकात हबॅक नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्यानं बिहार-ओरिसात भाताच्या शेतात चिठ्ठी पडेल त्या जागी तुकडा आखून तो कापून, वजन करून बघायला सुरुवात केली. 1940 च्या दशकात हे काम दोन तालेवार माणसांनी हाती घेतलं. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस आणि दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे आपल्या शेजारचे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म 1911. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून डॉक्टरेट घेऊन आलेले. पुढं 1951 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि तिथला संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला.

या दोघांचा वाद झाला तो कापणीची चौकट केवढी असावी यावरून. महालनोबीस म्हणत, चौकटी लहान घ्या पण भरपूर घ्या. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवलं, की फार लहान चौकटीतून उत्पन्न जास्त दिसतं. एकदा नव्हे, नेहमी जास्तच. का? शाळूच्या रानात दोरी लावून बसा म्हणजे कळेल. दोरीवर जे ताट आहे त्याचा बुडखा बाहेर, पण कणीस आत झुकलेलं आहे. ते धरायचं का? कापणारा माणूस आत घेतो. लबाडीनं नाही, हातात विळा असला की भरलं कणीस सोडवत नाही. आता एक मीटर बाय एक मीटरची चौकट धरा: एक चौरस मीटर पिकाला चार मीटर कड. दहा बाय पाच मीटरची धरा: पन्नास चौरस मीटरला तीस मीटर कड, म्हणजे एका चौरस मीटरमागं साठ सेंटिमीटर. कड जितकी जास्त, तितकी कणसं आत. आणि अशा चौकटी दहा घ्या की दहा हजार घ्या, चूक तेवढीच राहते. उलट तिच्यावरचा भरवसा वाढत जातो. सुखात्म्यांचं हे काम जगभर वाखाणलं गेलं आणि आपल्याकडची चौकट मोठी राहिली. माझ्या मते मराठी माणसानं शेतीच्या संख्याशास्त्रात केलेली ही सगळ्यात मोलाची कामगिरी आहे, आणि ती एका बुडख्यापाशी बसून केलेली आहे.

निवृत्तीनंतर मी मोहोळ तालुक्यात असे काही प्रयोग बांधावर उभं राहून बघितले. गट नंबर चिठ्ठीनं ठरलेला. शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलं लांबीत, किती रुंदीत, तेही आकड्यांनी ठरलेलं. खुंट्या, टेप, दोरी. एकदा चौकट नेमकी चोपण पट्ट्यात पडली. ताटं गुडघाभर, कणसं चिमणीच्या डोक्याएवढी. पीकविमा कंपनीचा पोरगा म्हणाला, "साहेब, इथं काही नाहीच, जरा अलीकडं घेऊ या." शेतकरी हसून म्हणाला, "आकड्यात आलंय ते आलंय." पुढच्या गटात चौकट पडली ती गर्द हिरव्या तुकड्यात. तिथं तोच शेतकरी पुढं झाला, त्या गटवाल्याचा चुलत भाऊ निघाला. म्हणाला, "इथं गेल्या साली मेंढरं बसवली होती. हे धरू नका." दोघांचंही म्हणणं खरं होतं. चोपण पट्टा खरा होता आणि मेंढरंही खरी. पण शिवारात चोपण आहे आणि मेंढरंही बसतात. ती दोन्ही वगळून उरतं ते कुणाचं शिवार? मघाशी मातीच्या नमुन्यात आपण उकिरडा वगळला, इथं वगळायचा नाही, कारण प्रश्न वेगळा आहे. तिथं खताची मात्रा ठरवायची होती, इथं महसूल मंडळात एकूण किती पिकलं ते.

पीकविम्याच्या नियमानं महसूल मंडळ हा घटक असेल तर एका पिकासाठी किमान दहा प्रयोग घ्यायचे असतात. दहा चौकटी, प्रत्येकी पन्नास चौरस मीटर, एकूण पाचशे. म्हणजे अख्ख्या मंडळाच्या शाळूचा निकाल पाच गुंठ्यांपेक्षा थोड्या कमी रानावर. ऐकायला भयंकर वाटतं. पण भांडं मोठं आहे म्हणून घाबरू नका, हे मी मघाशीच म्हटलं. घाबरायचं असेल तर भात सारखा शिजलेला नाही म्हणून घाबरा. समजा, चौकटी-चौकटीतला फरक सरासरीच्या चाळीस टक्के इतका आहे. आपल्याकडच्या जिरायतीत हे अशक्य नाही. तर दहा चौकटींची सरासरी खऱ्या आकड्यापासून पंचवीस टक्क्यांपर्यंत सहज हलू शकते. अमुक इतकी तूट असली तर भरपाई, नसली तर नाही, हा निवाडा त्याच काट्यावर करायचा आहे. म्हणून दहा कमी आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात 2025 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा गेला, स्थानिक आपत्तीसारखे बाकीचे आधारही गेले, आणि भरपाई कापणी प्रयोगावर टेकली. भिंत एकाच खांबावर आणली, तर तो खांब जाड नको का?

आणि दुसरी गोष्ट, जी गावोगाव सांगून माझा घसा बसला. दहा चौकटींवरून निघतो तो मंडळाचा आकडा. मंडळाचा आकडा बरोबर असूनही तुमच्या रानाचा चूक असू शकतो. समूहाबद्दल खरं असलेलं वाक्य माणसाला लावताना ते तसंच खरं राहत नाही.

पावसाचंही तेच. चोवीस तासांत मंडळात 65 मिलीमीटर पडला तर अतिवृष्टी. मोजायचं यंत्र मंडळाला एक. जिल्हा पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर आणि मंडळं शंभराच्या आसपास. म्हणजे एका यंत्राच्या वाट्याला दीडशे चौरस किलोमीटर आकाश. परतीच्या पावसात म्हशीचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं असं जिथं म्हणतात, त्या मुलखात हे एक शीत. इथं मात्र शितं वाढवायलाच हवीत. भात हवा तसा एकजीव असेल तर एक पुरतं, पाऊस तसा नसतो.

शहराकडं येऊ. सोलापूरची गिरणगाव म्हणून एक ओळख होती. 1928 साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं इथल्या कापड गिरण्यांतल्या कामगारांच्या घरखर्चाच्या पाहणीचा अहवाल छापला. कुटुंब ज्वारीवर किती खर्च करतं, सरपणावर किती, कर्जाच्या व्याजावर किती. तेव्हापासून सोलापूर हे महागाई मोजायचं केंद्र आहे. 2001 हे पायाभूत वर्ष धरून औद्योगिक कामगारांचा जो निर्देशांक निघायचा, त्याची देशात 78 केंद्रं होती आणि त्यांत सोलापूर होतं. केंद्र सरकारी नोकरांचा महागाई भत्ता या निर्देशांकावर ठरतो. म्हणजे आपल्या मंडईत ठरलेल्या दुकानांत ठरलेल्या दिवशी तुरीची डाळ काय भावानं गेली, याचा एक कण दिल्लीतल्या कारकुनाच्या पगारात पडतो. आपण उगाच म्हणतो, सोलापूरला कोण विचारतं.

पण हा नमुना शिळा होतो. 2001 ची टोपली 2020 पर्यंत चालली. मग 2016 चा पाया आणि 88 केंद्रं आली. मधल्या काळात घरात मोबाइल आला, शिकवणीची फी आली, चिमणीचं रॉकेल गेलं. भाव अचूक टिपले जात होते, पण कोणे एके काळच्या घराचे. भात परवाचा आहे आणि शीत आज दाबतोय, असा प्रकार.

वेळेचा आणखी एक घोळ. सुखात्मे पुढं आणखी एका वादात पडले, या वेळी समोर वि. म. दांडेकर. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली देशातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास मांडला, त्यात माणसी 2250 कॅलरींची रेघ होती. सुखात्म्यांचं म्हणणं, की एकाच निरोगी माणसाचं खाणंही रोज सारखं नसतं, आठवड्या-आठवड्यानं हलतं. सरासरी गरजेची रेघ मारून तिच्याखालचा प्रत्येक जण उपाशी म्हणणं चूक. दांडेकरांनी त्याला कडाडून उत्तर दिलं. दोघंही सातारकडचे, दोघंही पुण्यात, त्यामुळं भांडण रंगलं. मी दांडेकरांच्या बाजूचा आहे. गरिबाचं खाणं हलतं ते त्याच्या मर्जीनं नव्हे. पण सुखात्म्यांचा मुद्दा खिशात ठेवावा. आषाढीला पंढरपुरात जाऊन कोण काय जेवलं ते लिहून घेतलंत, तर हा जिल्हा भगर आणि शेंगदाण्यावर जगतो असा निष्कर्ष निघेल, आणि एकादशीला दुप्पट खाणारे धरले तर कॅलरीही भरपूर निघतील.

आतापर्यंत शितं चुकीच्या जागची, चुकीच्या दिवसाची बघितली. काही शितं भांड्यात उरलेलीच नसतात. "आमचे आजोबा तंबाखू चघळत नव्वद वर्षं जगले," हे वाक्य मी या शहरात शेकडो वेळा ऐकलं. तंबाखूनं पन्नाशीत गेलेल्या आजोबांचा नातू हे वाक्य बोलत नाही. त्याला आजोबा आठवतच नाहीत. आमच्याच घरात माझी आई ऐंशीच्या पुढं जगली. तिच्याशेजारी सूप घेऊन बसणाऱ्या दोघी छातीच्या दुखण्यानं लवकर गेल्या. कुणी मला विचारलं असतं तर मी आईचं सांगितलं असतं.

औषधाच्या दुकानात, शेतीच्या दुकानात एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "शंभर जणांना दिलं, एकालाही त्रास नाही." यासाठी एक सोपा हिशेब सांगतो, घरी घेऊन जा. जितक्या जणांत एकही वाईट घटना घडली नाही, त्या संख्येनं तीनाला भागा. शंभर जणांत शून्य, तर खरा धोका तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीस जणांत शून्य, तर दहा टक्के. "आमच्या गल्लीत दहा जणांनी घेतलं, काही झालं नाही" याचा अर्थ, दहा टक्के धोका असता तरी असं सहज घडलं असतं.

सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा चालू आहे म्हणून तिथल्या भाकणुकीबद्दल बोललं नाही तर तुम्ही म्हणाल, बुवा घाबरला. होमानंतर दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, ते कसं वागतं, कशाला तोंड लावतं यावरून वर्षाचं पाऊसपाणी आणि भावताव सांगतात. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. श्रद्धेच्या भागाला मी हात लावत नाही. सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला मीही उभा असतो. पण नमुना म्हणून बघितलं तर एक वासरू, एक रात्र. जे खरं ठरतं ते वर्षभर सांगितलं जातं, जे ठरत नाही ते पुढच्या संक्रांतीपर्यंत विसरलं जातं. सर दरवर्षी वहीत लिहून ठेवायचे: काय सांगितलं, काय झालं. त्या वहीतला निकाल त्यांनी मला कधी दाखवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तू तुझी वही घाल."

आणि सोलापूरकरांबद्दल बाहेरचे जे बोलतात, त्यालाही हेच लावा. पुण्याच्या गाडीत दोन सोलापूरकर भेटले, मोठ्यानं बोलत होते, 'बे' म्हणत होते, झालं, 'सोलापूरची माणसं'. घरी तेलुगू बोलणारा विणकर, कन्नड बोलणारा व्यापारी, दख्खनी बोलणारा फळवाला आणि मराठी बोलणारा मी. या भांड्यात चार धान्यं आहेत. एका शितानं कुणाकुणाची परीक्षा घेणार? आपणही तेच करतो, हे लगेच कबूल करतो. पुणेकरांबद्दल माझी जी मतं आहेत, ती एका घरमालकावर बेतलेली आहेत.

आता एक विनंती करून थांबतो. महिन्याभरात शाळू काढणीला येईल आणि तुमच्या मंडळात कापणी प्रयोग लागतील. कोणत्या गटात, कोणत्या दिवशी, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा तलाठ्याला विचारा. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.) त्या दिवशी बांधावर जाऊन उभे राहा. टेप कोणत्या कोपऱ्यापासून धरतात ते बघा. पावलं किती मोजली ते कागदाशी ताडून बघा. चौकट सरकवा असं कुणी म्हणालं, मग तो तुमचा चुलत भाऊ का असेना, तर नको म्हणा. दोरीवरच्या ताटाचा बुडखा आत आहे की बाहेर, ते वाकून बघा. आणि येताना एक वही आणा.